तीन गंधकांचं कडं

१२ जानेवारी, सोमवार

दादा,

नमस्कार-चमत्कार करत बसत नाही. सहा वर्षांत तुझा एकही फोन मी उचलला नाही, आणि आता एकदम साष्टांग नमस्कार लिहिला तर तुलाच संशय येईल.

एकच प्रश्न आहे. आपण दोघं सरांच्या लॅबमध्ये होतो तेव्हा तू घरून एक निळा टब आणला होतास. त्यात ब्लीचचं पाणी भरून तो आपल्या दोघांच्या बेंचच्या मधे ठेवला होतास. तो नक्की कोणत्या तारखेला आणलास? महिना नको, तारीख हवी. आठवत नसेल तर डोकं खाजव.

का विचारतेय ते आत्ता सांगणार नाही. माझा तर्क चुकला तर मला पुन्हा तोंडघशी पडायचं नाही, तुझ्यासमोर तर मुळीच नाही.

माझं बरं चाललंय. पाणीखात्याच्या प्रयोगशाळेत आहे, आईने सांगितलंच असेल. रोज साठेक बाटल्या येतात, त्यात क्लोरीन किती शिल्लक आहे ते बघायचं आणि वहीत लिहायचं. कामाला वास नाही, डोक्याला ताप नाही. कुणी शाबासकी देत नाही आणि कुणी खोटारडीही म्हणत नाही.

उत्तर पोस्टाने पाठव. फोनवर आपण भांडू.

बारकी


२३ जानेवारी, शुक्रवार

दादा,

तुझ्या चार ओळी मिळाल्या. ‘टबाचं आता काय उकरून काढलंस? तुझ्याच भल्यासाठी आणला होता. तारीख आठवत नाही.’ वा! सहा वर्षांनी बहिणीला पत्र, आणि तेही दुकानदार उधारी नाकारतो तसं.

पण त्याखाली वहिनींच्या अकरा ओळी होत्या, आणि त्यांनी मला तारलं. त्यांना तारीख पाठ आहे. पोरीला वर्षाची लस टोचून आणली, ती तापाने फणफणली, अंग पुसून काढायला टब शोधला तर टब गायब. ‘तुझ्या भावाने पोरीचा टब लॅबात नेऊन त्यात बाटल्या बुडवल्या होत्या. त्या दिवशी मी त्यांना काय काय बोलले ते लिहीत नाही.’ लसीच्या कार्डावर तारीख आहे, नऊ सप्टेंबर. कार्डाचा फोटोही पाठवलाय. वहिनींना माझा खरोखरचा, पूर्ण वाकून नमस्कार सांग.

आता मुद्दा. हे पत्र वहिनीही वाचणार, म्हणून तुला माहीत असलेलंही लिहिते. चिडू नकोस.

वहिनी, आम्ही एक कडं बनवत होतो. कार्बनच्या साखळीत ठरावीक अंतरावर ऑक्सिजन गुंफायचे आणि साखळीची दोन टोकं जोडायची, की कडं तयार. ते धातूवर मुकुटासारखं बसतं म्हणून त्याला मुकुटच म्हणतात. ऑक्सिजनवालं कडं सोडियम-पोटॅशियम पकडतं. माझ्या कड्यात ऑक्सिजनच्या जागी तीन गंधक होते, आणि गंधकाचा जीव चांदी, पॅलेडियम असल्या धातूंवर. पॅलेडियमचं द्रावण एरवी पिवळं नाहीतर नारिंगी. माझी दोन कडी त्याला दोन बाजूंनी बसली आणि द्रावण निळसर हिरवं झालं. ऑगस्टमध्ये दोनदा झालं, दोन सप्टेंबरला तिसऱ्यांदा झालं. लेख लिहून पाठवला, तो पुढे छापूनही आला.

पण पंधरा सप्टेंबरपासून ते होईनासं झालं. मळकट पिवळं, बस्स. माझ्या हातून तीनदा बिघडलं, त्यातलं एकदा सरांच्या आणि पाहुण्यांच्या समोर. दादाच्या हातून पाचदा बिघडलं. कुणीतरी कुजबुजलं की आधीचा रंग मी बाहेरून घातला असणार. सरांनी दादाला विचारलं, तुझं मत लेखी दे. त्याने लिहिलं, ‘मी पाच वेळा करून पाहिलं, होत नाही,’ आणि खाली सही केली. लेख मागे घेतला गेला आणि माझी डॉक्टरेट तिथेच संपली.

दादा, सहा वर्षं मी काय समजत होते ते आता लिहूनच टाकते. मला वाटत होतं तू नोकरी वाचवायला सही केलीस. पाचपैकी निदान दोन वेळा मुद्दाम हलगर्जीपणा केलास असंही वाटायचं. हे मी आईला सांगितलं होतं, आणि आईने तुला सांगितलं असणार याची मला खात्री आहे.

आता गेल्या महिन्यातलं ऐक. आमच्याकडे शेवाळ गाळायला, आपण सरांच्या लॅबमध्ये वापरायचो तीच गाळणी वापरतात, काचेची, तळाला काचेच्या भुकटीची दाबलेली चकती असते ती. हिरवी पडली म्हणून कुणीतरी ती ब्लीचमध्ये टाकून ठेवली होती. मी तीनदा खळखळून धुतली. मग तुलनेसाठी शुद्ध पाणी तिच्यातून गाळलं आणि त्यात क्लोरीन तपासायची पूड टाकली, क्लोरीन असला तरच ती पाणी गुलाबी करते. पाणी गुलाबी झालं! शुद्ध पाण्यात क्लोरीन कुठून आला? पुन्हा धुतली, पुन्हा गुलाबी. दहा वेळा धुतली तोवर गुलाबीच. अकराव्यांदा रंग आला नाही.

ब्लीच चकतीच्या भोकांत दडी मारून बसतं रे. वरून काच चकचकीत दिसते. आणि आपण प्रत्येक वेळी पाच मिलिग्रॅम कडं घ्यायचो. तेवढ्यातले गंधक बिघडवायला ब्लीचचा एक थेंब पुरतो. गणित मी तीनदा केलंय. गंधकाला ऑक्सिजन चिकटला की तो पॅलेडियमकडे ढुंकून बघत नाही.

आपल्याला कळलं का नाही? कारण कड्याची तपासणी आपण आधी करायचो. शुद्धतेचा आलेख स्वच्छ यायचा. मग ते विरघळवून गाळणीतून गाळायचो आणि लगेच पॅलेडियममध्ये ओतायचो. बिघाड होत होता आलेखानंतर आणि पॅलेडियमच्या आधी, त्या अर्ध्या मिनिटात. तिथे कुणीच बघत नव्हतं.

टब नऊ तारखेला आला आणि आपल्या गाळण्या त्यात पडायला लागल्या. तीन वेळा जमलं ते त्याच्या आधी, आठ वेळा बिघडलं ते त्याच्यानंतर. दादा, माझं कडं खरं होतं!

मी आज जेवणाच्या सुट्टीत पाणीखात्याच्या गच्चीवर जाऊन एकटीच मोठ्याने ओरडले. टाकीवरच्या वॉचमनने विचारलं, काय झालं ताई? म्हटलं, माझी चूक नव्हती. तो म्हणाला, मग ठीक आहे.

बारकी


५ फेब्रुवारी, गुरुवार

दादा,

तुझं उत्तर नाही. वहिनींचं पत्र आलं. तू दोन दिवस नीट जेवला नाहीस, रंगाच्या कारखान्यातून आलास की भिंतीकडे तोंड करून पडतोस, आणि विचारलं की एकच वाक्य, ‘मीच तिचं वाटोळं केलं.’

हे नाटक आधी बंद कर.

टब तू का आणलास हे मला माहीत आहे. कड्यासाठी लागणाऱ्या गंधकाच्या कच्च्या मालाच्या वासाने माझी कुत्रीसुद्धा ओळख ठेवत नव्हती. बसमध्ये शेजारचा माणूस उठून उभा राहायचा. खालच्या मजल्यावरच्यांनी गॅस गळतोय म्हणून दोनदा बंबाची गाडी बोलावली. लॅबमधल्यांनी मला ‘सिलिंडर’ नाव पाडलं होतं आणि मी संडासात जाऊन रडायचे. तुला ते दिसलं. ब्लीचने वास मरतो हे तुला ठाऊक होतं, म्हणून तू टब आणलास आणि रोज संध्याकाळी बाही वर करून माझीसुद्धा भांडी धुतलीस. मला एका शब्दाने बोलला नाहीस. असा भाऊ असल्यावर वाटोळं होतं होय?

पण तुला पटणार नाही, तू हट्टी आहेस. म्हणून एक गोष्ट सांगते. मागच्या पत्रात ती मी मुद्दाम गाळली होती. पाहुण्यांसमोर प्रयोग झाला त्या सकाळी तू मला म्हणाला होतास, ‘बारके, कपाटातली जुनी गाळणी घे, टबातल्या अजून ओल्या आहेत.’ आठवतं? मी काय म्हणाले? ‘जुनी कळकट आहे, लोकांसमोर शोभा होईल.’ टबात हात घालून गाळणी मीच काढली. तुझं ऐकलं असतं तर त्याच दिवशी रंग आला असता. हे मला महिनाभरापासून माहीत आहे, आणि तरी तुला आधी टबाची तारीख विचारली. माझ्या हाताची गोष्ट सांगितली नाही. मनात होतं की थोडा वेळ तरी सगळं तुझ्या अंगावर राहू दे. सहा वर्षांची सवय, लगेच जात नाही. माफ कर.

आता कामाचं. मी सरांकडे गेले होते. केस पांढरे झालेत, चष्मा तोच. वहीतली गुलाबी पाण्याची नोंद, लसीचं कार्ड, लॅबच्या जुन्या तारखा, सगळं टेबलावर मांडलं. ते एकेक कागद दोनदा वाचत गेले. मग उठले, कुलूपबंद कपाट उघडलं आणि एक सीलबंद कुपी काढली. माझ्या अक्षरात चिठ्ठी, माझं कडं! सहा वर्षं जपून ठेवलंय. मी विचारलं, टाकून का नाही दिलं? म्हणाले, ‘आलेख फार सुंदर होता. टाकवेना.’

कुपीत वीस मिलिग्रॅम आहे. म्हणजे चार प्रयोग. दोन ब्लीचच्या गाळणीने, दोन स्वच्छ गाळणीने. ते संपलं की संपलं. नवं बनवायचं तर प्रचंड द्रावकात थेंब थेंब सोडत बसायचं, नाहीतर साखळीची टोकं एकमेकांना सोडून शेजारणीला चिकटतात. चार-पाच महिने जातील, आणि सर जूनमध्ये निवृत्त होतायत. पुढे येणाऱ्या माणसाला या जुन्या प्रकरणाशी काय देणंघेणं?

मासिकाचे संपादक म्हणतात, मागे घेतलेला लेख पुन्हा मान्य करू, पण प्रयोग बाहेरच्या दोन साक्षीदारांसमोर व्हायला हवा आणि मी त्या खोलीत असता कामा नये. करणारा कोण? सर म्हणाले, ‘ज्याने होत नाही म्हणून सही केली त्यानेच. बहिणीच्या विरुद्ध सही करणाऱ्या भावाहून जास्त विश्वासाचा माणूस मला तरी माहीत नाही.’

दादा, हे ऐकल्यावर मला काय वाटलं सांगू? अभिमान वाटला. ज्या सहीमुळे मी तुझं तोंड बघत नव्हते, तिचाच.

वहिनी लिहितात तू म्हणतोस, ‘माझे हात आता रंगाचे डबे ढवळण्यापुरतेच राहिलेत, पुन्हा बिघडलं तर ती दुसऱ्यांदा मरेल.’ बिघडू दे. तुझ्या हातून पाच वेळा इमानदारीत बिघडलंय, सहाव्यांदाही इमानदारीत बिघडेल. पण दुसऱ्या कुणाच्या हातून जमलं तर लोक म्हणतील, बहिणीने आपला माणूस आणला. तुझ्याबद्दल असं कोण म्हणणार?

मला माझं नाव परत हवंय. पुढे डॉक्टरेट मिळो न मिळो, पण ‘तिने रंग घातला’ हे वाक्य मेलं पाहिजे, आणि ते तुझ्याच हातून मेलं पाहिजे.

सत्तावीस तारीख ठरवू का? एका शब्दात उत्तर दे. ‘नाही’ चालणार नाही.

बारकी


१९ फेब्रुवारी, गुरुवार

दादा,

‘बरं’ मिळालं. एवढ्या मोठ्या पाकिटात एवढा छोटा शब्द मी पहिल्यांदाच पाहिला. तिकिटं मात्र तू दुप्पट लावलीस.

प्रयोगाबद्दल तुला काहीही सूचना द्यायची नाही असं सरांनी मला बजावलंय. गेले चार दिवस मी जीभ चावून बसलेय, तुला कल्पना नाही. म्हणून फक्त बाकीचं लिहिते. आदल्या रात्री झोप. सकाळी जेवून निघ, चहावर येऊ नकोस, उपाशी असलास की तुझे हात थरथरतात. तो निळा सदरा घालू नकोस, साक्षीदार म्हणतील रंग सदऱ्याचा पडलाय.

वहिनींनी कळवलंय की तू आठवडाभर स्वयंपाकघरात ड्रॉपरने एका वाटीतून दुसऱ्या वाटीत पाणी सोडण्याचा सराव करतोयस, आणि पोरगी शेजारी बसून थेंब मोजते. हे तू मला सांगणार नव्हतास, म्हणून मीही वाचलं नाही असं समज.

बारकी


१ मार्च, रविवार

दादा,

परवा तू समोर होतास, पण माझ्याने धड काही बोलवलंच नाही. नुसती हसत होते वेड्यासारखी. मग तुझ्या गाडीची वेळ झाली. म्हणून आता लिहिते. तू आत होतास, मी बाहेर. माझ्या बाजूला काय झालं ते तुला कुठे ठाऊक आहे?

सरांनी मला जिन्याजवळच्या बाकावर बसवलं आणि दार लावून घेतलं. साडेदहा वाजले होते. दाराला वरती एवढीशी काच आहे, पण बाकावरून तिच्यातून फक्त ट्यूबलाइट दिसते. मी ट्यूबलाइट बघत बसले. अकराला एक साक्षीदार बाई बाहेर आल्या, पाणी प्यायल्या, माझ्याकडे न बघता आत गेल्या. मला वाटलं, संपलं. नंतर कळलं की तेव्हा तू ब्लीचच्या गाळणीचे दोन्ही प्रयोग आधी केले होतेस आणि दोन्ही मळकट पिवळे आले होते. यायलाच हवे होते! पण मला बाहेर कोण सांगणार? निम्मं कडं संपलं होतं आणि मला काहीच ठाऊक नव्हतं. मी देवाला काय काय कबूल केलं ते लिहीत नाही, फेडावं लागेल.

मग आतून नुसतं नळाचं टपटपणं ऐकू यायला लागलं. मी उठून दाराशी गेले, नियम गेला खड्ड्यात, कान लावला. तुझा आवाज आला, अगदी हळू. ‘थांबा, अजून हलवू नका.’ मग सरांचा, ‘अरे.’ मग पुन्हा तुझा, आणि तो मात्र तिसऱ्या मजल्यापर्यंत गेला असेल.

‘बारकेऽऽ!’

दार उघडून तू बाहेर आलास, चष्मा कपाळावर, दोन्ही हातांत दोन फ्लास्क. एक मळकट पिवळा आणि एक… दादा, सहा वर्षं मी तो रंग डोळे मिटून आठवायचे आणि मला भीती वाटायची की तो मीच मनाने रचलाय. तो तसाच होता. तितकाच निळसर हिरवा. सर मागून ओरडत होते, ‘लॅबमध्ये धावायचं नाही!’ आणि स्वतःच धावत होते. चष्म्याच्या आत पाणी होतं त्यांच्या.

आणि तू काय केलंस? पिवळा फ्लास्क माझ्या हातात दिलास, खिशातून कारखान्याची रंगपट्टी काढलीस आणि फ्लास्कला लावून बघायला लागलास! साक्षीदार बाई म्हणाल्या, हे काय? तू म्हणालास, ‘माझं कामच आहे हो. चारशे छटा आहेत यात. ही नाही.’ त्यांनी ते वाक्य अहवालात जसंच्या तसं घातलंय, मी वाचलं. मग चौथा प्रयोग त्यांनी स्वतःच्या हाताने केला आणि तोही हिरवानिळा आला. कुपी रिकामी झाली. तेव्हा मी तुला मिठी मारली आणि तू म्हणालास, ‘बाजूला हो, पॅलेडियम सांडेल.’ सहा वर्षांनी भावाच्या तोंडून ऐकलेलं पहिलं प्रेमाचं वाक्य!

काल संपादकांचा निरोप आला. लेख पुन्हा मान्य, निवेदनासकट. निवेदनात एकच वाक्य आहे, मला पाठ झालंय: मूळ निरीक्षण बरोबर होतं. आज सकाळपासून ते मी आरशासमोर, जिन्यात, भाजीवाल्यासमोर म्हणून झालंय. भाजीवाला म्हणाला, असेल, वांगी घेणार का?

सरांनी निवृत्तीआधी माझं नाव पुन्हा नोंदवून घेतलंय. पाणीखात्यात उद्या सांगते. पुढच्या महिन्यापासून पुन्हा वास मारायला मोकळी. बसवाल्यांनी सावध राहावं.

आता तुझं माझं शेवटचं भांडण. सरांनी विचारलं, कारण काय म्हणून लिहायचं, तर तू म्हणालास, ‘लिहा, माझी चूक.’ तुझ्या हातून पेन मी ओढून घेतलं ते तू पाहिलंस. नंतर तू गाडीत बसलास, आणि मी आणि सर पुन्हा वर गेलो. तीन तास बसून आम्ही दुसरा लेख लिहिला. गंधकाच्या कड्यांवर काम करणाऱ्या प्रत्येक लॅबमध्ये वासापायी ब्लीचचा टब असतो. सगळ्यांची भांडी त्यात पडतात. किती जणांचं ‘होत नाही’ हे असंच झालं असेल? त्यांना कुणीतरी सांगायला हवं की चकतीची गाळणी त्यात टाकू नका, आणि टाकलीत तर गुलाबी रंग जाईपर्यंत धुवा. पिवळे फ्लास्कही लेखात आहेत. तुझे जुने पाचही प्रयोग तारखांसकट तक्त्यात घातलेत, कारण ते नीट केलेले प्रयोग आहेत. ते तसे नसते तर हा लेखच झाला नसता.

मसुदा सोबत आहे. पानं आठ. नीट वाच, रंगाचं वर्णन तपास, ते तुझ्याहून चांगलं कुणाला जमणार नाही. पहिलं नाव तुझं घातलंय. खोडलंस तर पुन्हा सहा वर्षं बोलणार नाही.

तुझी,
बारकी